फळावरची नजर आणि फळाची इच्छा

जिंकण्यासाठी शिकलेली अनासक्ती ही अनासक्ती म्हणावी का? खेळाडूंच्या मानसिक प्रशिक्षणामागे हा जुना प्रश्न उभा असतो.

नाशिक जिल्ह्यातले मनमाड रेल्वे जंक्शन म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे; खेळाच्या जगात ते वेटलिफ्टिंगसाठी ओळखले जाते. तिथल्या जय भवानी व्यायामशाळेत घडलेल्या मुलामुलींनी राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळवली आहेत. मन किती तयार आहे हे वेटलिफ्टिंगमध्ये लपत नाही. स्नॅचचे तीन आणि क्लीन अँड जर्कचे तीन, असे सहाच प्रयत्न मिळतात. नाव पुकारल्यावर साधारणपणे एका मिनिटात बार उचलायला सुरुवात करावी लागते. एका प्रकारातले तिन्ही प्रयत्न फसले, तर एकूण वजनाची नोंदच होत नाही. मीराबाई चानूच्या वाट्याला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हेच आले. पुढे २०२१ मध्ये टोकियोत तिने २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकले.

त्या एका मिनिटासाठीची तयारी ठरावीक क्रमाने चालते. हाताला चॉक लावणे, श्वास संथ करणे, पूर्ण उचल मनात एकदा पाहणे, स्वतःला एखादा छोटा शब्द सांगणे आणि बार धरणे. सरावात रोज हाच क्रम पाळला, तर स्पर्धेच्या गलक्यातही मनाला ओळखीची वाट सापडते. ‘हरण्याचा विचार करू नकोस’ हा सल्ला मात्र बहुधा उलटतो. पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलेल्या माणसांच्या मनात तेच अस्वल पुन्हा पुन्हा येत राहते, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगाने दाखवले. म्हणून भीती हाकलत बसण्यापेक्षा ती आहे हे मान्य करून लक्ष पायांच्या ठेवणीवर आणि पकडीवर नेणे अधिक उपयोगी पडते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण असल्याची तक्रार अर्जुन करतो, तेव्हा कृष्ण अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतो. पतंजलीच्या योगसूत्रांतही हीच जोडी येते. आधुनिक प्रशिक्षणाने यातला अभ्यास मनापासून उचलला. वैराग्य मात्र त्याने उचलले ते उचलीच्या त्या काही क्षणांपुरतेच.

यावर ढोंगाचा आरोप करणे सोपे आहे, पण तो टिकत नाही. फळावरची नजर काढणे आणि फळाची इच्छा सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टोइक परंपरेतला धनुर्धारी नेम धरण्यासाठी जे आपल्या हाती आहे ते सारे करतो. बाण सुटल्यावर वारा काय करील, यावर तो आपले समाधान अवलंबून ठेवत नाही. लक्ष्य लागावे असे त्यालाही वाटतेच. वेटलिफ्टरलाही बार धरताना फक्त नजर काढायची असते, आणि ते शिकवता येते. इच्छा सोडणे ही त्याहून फार लांबची साधना आहे. श्वासाच्या व्यायामाला तिचे नाव देणे म्हणजे गीतेला स्वस्त करणे होय.

शिवाय, ही इच्छा सोडायला कोणाला सांगायचे, हाही प्रश्न आहेच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. खेळाडू कोट्यातली नोकरी म्हणजे काय, हे मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात समजावून सांगावे लागत नाही. कष्टकरी घरातल्या मुलीसाठी पदक म्हणजे घराला लागणारा हातभार असू शकतो. तिच्या या इच्छेला आसक्ती म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

तरीही, दुसऱ्या उपायावाचून पहिला अपुरा पडतो. लक्ष एकाग्र करण्याचे तंत्र त्या एका मिनिटात तारते. खांदा निखळल्यावर, किंवा वय वाढून खेळ सुटल्यावर, त्याचा उपयोग फार थोडा. आपली सगळी किंमत बारवरच्या किलोंत मोजायला शिकलेले मूल तिथे एकटे पडते. एवढे वैराग्य त्याच्याआधी आई-वडिलांनी आणि प्रशिक्षकांनी अंगी बाणवायला हवे: तिन्ही प्रयत्न फसलेल्या मुलीशी त्या संध्याकाळी ते रोजच्यासारखेच वागले, तर तिची किंमत पदकावर ठरलेली नाही हे तिला त्या वागण्यातून कळते.