डोया आणि डोळा

वऱ्हाडातल्या खेड्यातले पोर 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हणते, 'पाणी'ला 'पानी'. आम्हां मास्तरांचा हात लगेच तांबड्या पेन्सिलीकडे जातो. पण मास्तरांची रेघ पुसता येते. वाचोपचाराच्या खोलीत 'डोया'ला विकार म्हटले, तर धडधाकट मुलाच्या कपाळी रोग्याचा शिक्का बसतो.

म्हणून या शास्त्राच्या विद्यार्थ्यांना जीभ नि टाळू यांच्याबरोबर मुलाचे घरही ऐकावयास शिकविले पाहिजे. आई 'ळ' कसा उच्चारते? आजी? मुलगा घरच्यांसारखाच बोलत असेल, तर उपचार कशावर करावयाचे? उलट सहा वर्षांचा मुलगा 'काका'ला 'ताता' म्हणत असेल, तर 'असेल यांची गावठी बोली' म्हणून त्याला परत धाडणे हाही तेवढाच अन्याय. बोलीचे कौतुक करणाऱ्यांच्या हातून तो अधिक होतो, असे मला वाटते.

अमेरिकेतील वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने १९८३ साली जाहीर केले, की इंग्रजीची कोणतीही बोली हा विकार नव्हे. मात्र कुणी स्वेच्छेने मागितल्यास त्याला प्रमाण भाषा शिकविण्याची मोकळीक तिने ठेवली.

'स्वेच्छेने' हा शब्द मला टोचतो. "याचं बोलनं सुद्द करून द्या जी, शाळेत पोट्टे हासतात याले," असे बाप म्हणतो, तेव्हा ती इच्छा त्याची, की हसणाऱ्यांची? तरीही त्याला विन्मुख पाठवू नये. मुलाला 'डोळा' जरूर शिकवावा. आजीपाशी त्याने 'डोया'च म्हणावे. कागदावर मात्र 'विकार नाही' असे ठसठशीत लिहून तो बापाच्या हाती द्यावा.