बंद घराचं बिल

जानेवारीत विजेच्या बिलाचा निरोप मोबाइलवर आला आणि मी तडक चिरंजीवांच्या खोलीत गेलो. रक्कम जवळजवळ दीडपट. आरोपी समोरच लोळत होता. आंघोळीला जायच्या आधी अर्धा तास गिझर लावायचा आणि मग मोबाइल बघत बसायचं, हा त्याचा थंडीतला दिनक्रम.

"बाबा, दर वाढले असतील," तो म्हणाला. पकडले गेल्यावर सगळेच असं म्हणतात.

आमचा आवाज वाढला तशी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, गावच्या घराचं बिल किती आलंय ते बघा की आधी!"

गाव गुहागरच्या पुढे. गणपती झाले की घराला कुलूप लागतं, ते मे महिन्यात निघतं. तिथलं बिलही चढलेलं होतं, आणि साधारण त्याच प्रमाणात. बंद घरात गिझर कोण लावणार? म्हणजे दरच वाढले होते. मी निमूट बाहेर आलो. सविस्तर बिल उघडलं असतं तर युनिटं आणि दर वेगवेगळे दिसले असते, हे मलाही कळतं. पण रागावलेला माणूस फक्त शेवटची रक्कम बघतो.

समुद्राची पंचाईत अशी की तो सविस्तर बिल पाठवतच नाही. नुसती रक्कम कळवतो. ही रक्कम वाचण्यात निकोलस शॅकल्टन नावाच्या माणसाचं आयुष्य गेलं, आणि त्याने वापरलेली युक्ती थेट आमच्या स्वयंपाकघरातली होती.

समुद्रात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. वाळूच्या कणाएवढं त्यांचं कवच चुन्याचं असतं. जीव मेला की कवच तळाशी बसतं, त्यावर दुसरं बसतं, आणि हजारो वर्षांत गाळाचे थर साचतात. जहाजातून लांब नळी तळात घुसवायची, गाळाचा दांडा वर काढायचा, धुऊन चाळायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच टिपून घ्यायचं. तांदूळ निवडण्यासारखंच काम, फक्त खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकून द्यायचे.

या कवचांत दोन प्रकारचा ऑक्सिजन असतो, हलका आणि जड. १६ आणि १८ वजनांचा. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजन थोडा जास्त जातो. हॅरल्ड यूरीने १९४७ मध्ये हा हिशेब मांडला होता. त्याच्या शिकागोच्या प्रयोगशाळेत इटलीहून आलेला चेझारे एमिलियानी काम करत होता. त्याने खोल समुद्रातल्या गाळातली कवचं थराथराने तपासली आणि १९५५ मध्ये निष्कर्ष छापला. हिमयुगं भूगोलाच्या पुस्तकात असतात तशी चारच नव्हती, पुष्कळ होती. उबदार आणि थंड काळांची लाटच त्याला सापडली होती. त्या थरांना त्याने क्रमांक दिले, विषम उबदार आणि सम थंड. आणि सांगितलं की हिमयुगात विषुववृत्ताजवळचं समुद्राचं पाणीही सुमारे ६ अंशांनी गार झालं होतं.

यात एक मेख होती. समुद्राचं पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा हलका ऑक्सिजन असलेलं पाणी आधी उडतं. एरवी ते पावसातून, नद्यांतून परत समुद्रात येतं आणि हिशेब बरोबर राहतो. हिमयुगात मात्र ते उत्तरेकडे बर्फ होऊन पडलं आणि तिथेच अडकलं, गावाकडून मुंबईला गेलेल्या आणि परत न आलेल्या पोरांसारखं. मागे राहिलेला समुद्र जड झाला. म्हणजे कवचात जड ऑक्सिजन वाढलेला दिसला तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. पाणी गार झालं, किंवा जगात बर्फ वाढला आणि समुद्राची पातळी उतरली. वापर वाढला की दर वाढला? एमिलियानीने बर्फाचा वाटा धरला होता, पण थोडाच. बाकी सगळा त्याने गारव्याच्या नावावर टाकला.

शॅकल्टन केंब्रिजचा. वडील भूवैज्ञानिक, हा स्वतः भौतिकशास्त्र शिकलेला. त्याचं सगळं लक्ष बंद घराकडे गेलं. समुद्राच्या अगदी तळाचं पाणी ध्रुवांकडून आलेलं असतं, आजही ते गोठण्याच्या थोडंच वर आहे. ते हिमयुगात आणखी किती गार होणार? तळाशीही काही फोरॅमिनिफेरा राहतात. त्यांच्या कवचांत फरक पडला नसेल तर एमिलियानी खरा, पडला असेल तर बर्फ खरा.

अडचण एकच होती. तळावरची ही मंडळी फार थोडी. वरची कवचं मुठीने मिळतात, ही मोजून. यंत्राला लागेल इतका नमुनाच जमेना. मग त्याने यंत्रच असं सुधारलं की चिमूटभर कवचांवर भागावं. संशोधकाच्या चरित्रात हा भाग एका ओळीत उरकतात. मला तोच सगळ्यात मोठा वाटतो, कारण प्रश्न सुचणारे पुष्कळ असतात, त्यासाठी वर्षानुवर्षं नळ्या आणि झडपा जुळवत बसणारे कमी.

१९६७ मध्ये, तिशीत, त्याने उत्तर छापलं. तळाच्या कवचांतही फरक जवळजवळ तेवढाच होता. बंद घराचंही बिल चढलं होतं. एमिलियानी ज्याला तापमान म्हणत होता ते मुख्यतः बर्फाचं माप होतं, आणि उलटं धरलं तर समुद्राच्या पातळीचं.

त्यानंतर दारं उघडत गेली. प्रशांत महासागरात ३,१२० मीटर खोलीवरून काढलेल्या १६ मीटर लांबीच्या एका दांड्यावर त्याने नील ऑपडाइकबरोबर १९७३ मध्ये काम छापलं. त्या दांड्यात पृथ्वीचं चुंबकत्व उलटलं त्या वेळची खूणही होती, त्यामुळे थरांना वय लावता आलं. एमिलियानीचे क्रमांक त्यांनी तसेच ठेवले आणि २२ पर्यंत वाढवले. १९७६ मध्ये जिम हेज आणि जॉन इम्ब्री यांच्यासोबत त्याने दाखवून दिलं की हिमयुगांचा ताल पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या डुलण्याशी जुळतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. आमच्या गावासमोरचा किनारा तेव्हा क्षितिजाच्याही पलीकडे असणार. एमिलियानीला बर्फाचा एवढा मोठा वाटा सहजासहजी पटला नाही. पण बाकीच्या जगाने निकाल लावून टाकला होता.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. सगळ्या वाडीतल्या झावळ्या उन्हाने पिवळ्या पडलेल्या, आणि आमच्या चार माडांवर मात्र अशी टवटवी की बघत राहावं. शेजारच्या अण्णांना विचारलं तर ते जरा ओशाळले. "माड सुकत होते हो. म्हटलं, तुमचा पंप नुसता पडूनच आहे, आठवड्यातनं दोनदा लावत होतो. सांगायचं राहिलंच."

मुलाने तिथेच अंगणात उभं राहून मोबाइलवर दोन्ही घरांची सविस्तर बिलं उघडली. खटला तो जानेवारीतच जिंकला होता, आता कोणी काही विचारतही नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, दर वाढलेत, पण एवढे नाहीत. थोडा पंप आहे. मग पुण्यातला थोडा माझा गिझरही असणार."

शॅकल्टनच्या बाबतीत माडांची साक्ष पापुआ न्यू गिनीच्या ह्युऑन द्वीपकल्पाने दिली. तिथली जमीन हळूहळू वर उचलली जाते आहे, त्यामुळे जुन्या किनाऱ्यांवरची प्रवाळं डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखी चढत गेलेली दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे समुद्राची एकेकाळची पातळी. जॉन चॅपेल या पायऱ्यांचा माणूस. दोघांनी १९८६ मध्ये पायऱ्या आणि कवचं शेजारी ठेवली, तर हिशेब जुळेना. कवचांनुसार समुद्र जेवढा उतरायला हवा होता तेवढा प्रवाळांत उतरलेला दिसत नव्हता. म्हणजे तळाचं पाणीही हिमयुगात गार झालं होतं. बंद घरात पंप चालू होता.

हे शॅकल्टनच्याही नावाने छापलं गेलं. तो तिथेही थांबला नाही. अंटार्क्टिकात वोस्तोक इथल्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत. हवेतला ऑक्सिजन वनस्पती आणि शेवाळं पाण्यातूनच काढतात, म्हणून समुद्राच्या पाण्याची खूण हवेतही उतरते, आणि या साक्षीदाराला तळाच्या गारव्याशी काही देणंघेणं नाही. २००० साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने या हवेच्या आधारे आपल्याच कवचांचं बिल फोडलं. पाणी किती, गारवा किती. तळाच्या तापमानाचा वाटा चांगलाच भरला. आणि असंही दिसलं की लाख वर्षांच्या फेऱ्यात तळाचा गारवा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी बदलतात, बर्फ मागाहून येतो. जो माणूस बर्फामुळे मोठा झाला, त्याच्याच कागदावर बर्फ मागे सरकला होता.

शॅकल्टन सनई नव्हे पण तिच्या जातीचं वाद्य वाजवायचा, क्लॅरिनेट. जुन्या क्लॅरिनेटांचा त्याचा संग्रह शेकड्यांत होता, तो पुढे एडिनबरा विद्यापीठाकडे गेला. हे वाद्य गार असलं की सूर उतरतो, आणि नळी लांब केली तरी उतरतो. नुसत्या कानाला दोन्ही सारखेच. वाजवणाऱ्याला मात्र बैठकीआधी ठरवावं लागतं की फुंकर घालून वाद्य तापवायचं की सांधा दाबून नळी आखूड करायची.

२००० सालच्या त्या हिशेबात तापमानाला आपली जागा परत मिळाली. एमिलियानीला ते बघायला मिळालं नाही. तो १९९५ मध्येच गेला होता.