घाणा बंद, दुकान चालू?

कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले, ते शब्बाथला घाणा बंद असे म्हणून. बैलालाही विसावा, तशी आज्ञाच आहे. आता आपला एखादा नातू संगणकावरील ‘सेकंड लाइफ’ या खेळजगात चित्रे, पोशाख घडवून विकतो. २००३ सालापासून तेथील वस्तूचा हक्क करणाऱ्याकडेच राहतो, आणि तिथल्या लिंडन डॉलरचे खरे डॉलर होतात. शुक्रवारी दिवे लागल्यावर तो तिकडे ढुंकूनही पाहत नाही. दुकान मात्र रात्रभर विकतच असते. बैल नाही, गडी नाही. मग शब्बाथ मोडला कोणी?

अशा आपोआप होणाऱ्या विक्रीबद्दल रब्बींचे एकमत नाही, आणि आम्ही काही रब्बी नव्हे. त्या जगाचे घड्याळ कॅलिफोर्नियाचे. इथे इस्राएलात शब्बाथ लागतो तेव्हा तिकडे शुक्रवारची सकाळ. ही सबब आम्हांला पटत नाही. शब्बाथ माणूस असेल तिथला. श्रम झाले नाहीत, हे मात्र मान्य. आमचे अडते ते निराळ्याच जागी. घाणा बंद असल्याचे साऱ्या गावाला दिसे, आणि गावाने आपल्याला ओळखले ते त्यावरूनच. म्हणून त्या दिवशी नातवाने माल विक्रीतून काढून ठेवावा, असे आमचे मत आहे. चार गिऱ्हाइके जातील, हे धरून.