कामचोर चिप

मे महिन्यात सुट्टी टाकून कामरगावला आलो होतो. कारंजा तालुक्यातला उन्हाळा, डोक्यावर टिनाचं छत आणि डोक्यात एकच खूळ: घरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर 4.2 गिगाहर्ट्झवर पळवायचा. त्याचा मूळ वेग 3.4, जोर लावला तर 3.9. पुण्यातल्या मित्राचा हाच प्रोसेसर 4.2 वर चालतो. मग माझा का नाही?

व्होल्टेज 1.2 वरून 1.4 केलं. स्क्रीनवर 4.2 दिसताच स्क्रीनशॉट मित्राला पाठवला. मग चाचणी लावली. काही मिनिटांत तापमान 95 अंश आणि वेग घसरत मूळच्याही खाली. "कामचोर आहे लेकाचा," मी वैतागलो.

कामचोर तो नव्हता. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढते. 1.2 चे 1.4 केले की तेवढ्यानेच ती सुमारे 36 टक्के वाढते आणि तिची उष्णता होते. उष्णतेला वाट मिळाली नाही, तर जळण्याऐवजी चिप स्वतःच हळू होते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. बाहेरून ते आळसासारखं दिसतं.

जेवताना हे सगळं मी घरी समजावून सांगत होतो. धाकटी बहीण राज्यसेवेची तयारी करतेय, एकदा अपयश आलंय. आदल्याच दिवशी मी तिला ऐकवलं होतं, "घर तेच, शाळा तीच. मी केलं, तुला काय होतं?" पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "दादा, तुह्या बारावीले पाणी कोन भरे?"

तीच भरायची. आठवीत होती.

थॉमस नेगल आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी 1976 मध्ये 'नैतिक नशीब' हा प्रश्न मांडला: जे माणसाच्या हातातच नव्हतं, त्यावरून त्याला बरं-वाईट ठरवायचं का? चिपचंही नशीब असतं. एकाच चकतीतून कापलेल्या दोन चिप सारख्या निघत नाहीत. पण सगळं नशिबावर ढकलणंही सोयीचंच. मी धूळ काढली, पेस्ट बदलली, भिंतीच्या कोनाड्यात कोंबलेला कॅबिनेट बाहेर ओढला. तीच चिप 1.3 व्होल्टवर 4.0 ने बिनबोभाट चालली. 4.2 कधीच गाठलं नाही. म्हणजे शेवटचे 0.2 तिची मर्यादा. बाकीची मर्यादा कोनाड्याची होती, आणि तिला कोनाड्यात मीच कोंबलं होतं.

उष्णता बाजूला केल्याशिवाय कुणाची मर्यादा कुठे आहे, हे ठरवायचा हक्क आपल्याला नाही. आणि ज्याला मी स्वतःचा वेग समजत होतो, त्याची उष्णता घरात दुसरंच कुणीतरी सोसत होतं.

उरलेली सुट्टीभर सकाळचं पाणी मी भरलं. तेवढ्याने निकाल बदलत नसतो, हे मलाही कळतं. मी पुण्याला परतल्यावर ते कोण भरणार, हा प्रश्न मात्र मी अजून घरात काढलेला नाही.