तास

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की चाळीसेक किलोमीटरवर तिवसा येतं, आणि चहाची तल्लफ नसेल तर लगेच मागंही पडतं. याच महामार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. या रस्त्याला नावं ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. रात्री-बेरात्री दवाखाना गाठायचा तर मलाही तोच हवा.

पण घाई नसली की मी तिवस्याहून कुऱ्ह्याकडे वळतो. पुढं कौंडण्यपूर, वर्धेचा काठ. हे रुक्मिणीचं माहेर. इथली पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते. लेकीच्या घरी निघालेली माहेरची माणसं जातात तशी, मुक्काम करत, विचारपूस करत. आडरस्त्याची रीतही तीच. महामार्गावर माझ्या गाडीचा नंबर तेवढा टोलनाक्याला कळतो. इथं पारावरचा म्हातारा थांबवून विचारतो, "कोठचे पाव्हणे?" आणि उत्तरातून दोन नाती तरी शोधून काढतो.

इथंच थांबलो तर ती नुसती पाहुण्याची हौस ठरेल. गावात राहणाऱ्याला आडरस्त्याच्याही पुढं जायचं असतं, शेतात. आणि वाटेत लागते पांधण, म्हणजे शेतांकडे जाणारी गाडीवाट. तिला घड्याळ नाही, पंचांग आहे. मृग बरसला की काळ्या मातीचा असा गारा होतो की बंडी रुतते आणि खताचं पोतं डोक्यावर न्यावं लागतं. उघडीप मिळाली की ती वाळते, तेव्हा कपाशी घरी येते.

त्यातून पांधण दरवर्षी थोडी अरुंद होते. कुणी दरोडा घालत नाही. धुऱ्याशी नांगर वळवताना फक्त एक तास पुढं सरकतो. यंदा या बाजूनं, पुढच्या वर्षी त्या बाजूनं. मग एक दिवस बंडी अडते, सख्खे शेजारी तहसीलच्या पायऱ्या चढतात, आणि १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५ सगळ्या गावाला तोंडपाठ होतं.

मराठीत तास घड्याळाचाही असतो आणि नांगराचाही. महामार्ग आपला पहिला तास वाचवतो आणि बदल्यात ओळखपाळख मागत नाही. पांधण दुसरा तास मागते, तोही शेजाऱ्यासाठी. ग्रामजीवन आवडतं म्हणणाऱ्यानं हा हिशेब आधी करावा. याच तिवसा तालुक्यात, मोझरीला, तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या 'ग्रामगीते'त ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय आहे. गावावरच्या प्रेमाला त्यांनी सफाईच्या कष्टाची जोड दिली, ती उगाच नव्हे.

तरीही मी आडरस्ताच निवडतो. तिथं हवा चांगली असते म्हणून नव्हे. तिथल्या प्रत्येक वाटेमागं कुणाचं तरी सोडणं असतं म्हणून. पेरणीच्या दिवसांत चालताना एखाद्या धुऱ्याला लागून हातभर पट्टी न नांगरलेली दिसते. मालकाचा पत्ता नसतो. मी मात्र तिथं चप्पल काढून घटकाभर बसतो.