त्याग आणि सोपवणं



आजचं वाचन गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, चांडाळ, सगळ्यांकडे ज्ञानी माणूस समदृष्टीने पाहतो, असं भगवंत तिथे सांगतात. श्लोक आपल्या ओळखीचाच. पण बाहेरगावी निघायचं ठरलं की त्यातला कुत्रा एकदम खराखुरा होतो. तो आपल्याच सोफ्याखाली झोपलेला असतो, आणि प्रश्न पडतो, याला कुठे ठेवायचं?

आमच्याकडे सध्या हेच चाललंय. आई-बाबांना काशीला न्यायचंय, पाच रात्रींसाठी. भुऱ्याला रेल्वेने नेता येतं, पण फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. एवढा लांबचा प्रवास पेटीत? नकोच. म्हणजे तो मागे राहणार.

मग युधिष्ठिर आठवतो. महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड नि चल. युधिष्ठिर नकार देतो. इंद्र बिनतोड वाटेल असा मुद्दा काढतो : भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडले, त्यांना सोडून आलास, मग कुत्र्याचं काय एवढं? युधिष्ठिराचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. ते मेले होते, त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा मात्र जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आहे.

म्हणजे पाप लांब जाण्यात नाही, भरवसा टाकणाऱ्याला वाऱ्यावर सोडण्यात आहे. त्याग वेगळा आणि सोपवणं वेगळं.

पण हा फरक आपल्या मनात असून भागत नाही. मुलाला सांगता येतं, "सोमवारी येतो हं." कुत्र्याला सोमवार कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की माणसं बॅगा घेऊन गेली. आपला चांगला हेतू त्याच्यापर्यंत फक्त व्यवस्थेच्या रूपानेच पोचतो : वेळेवर जेवण, ओळखीचा वास, रात्री कुणीतरी जवळ. गॅलरीत बांधून वॉचमनला "दोनदा खायला घाल रे" म्हणणं म्हणजे सोपवणं नव्हे. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या भल्याची जबाबदारी टाकली आहे.

समदृष्टी म्हणजे सगळ्यांना सारखंच वागवणं नाही, प्रत्येकाची गरज त्याच्या जागी उभं राहून बघणं. एसी खोली आणि मोबाइलवर दिसणारा कॅमेरा बहुधा आपल्या समाधानासाठी असतो. त्याला हवी असते त्याची न धुतलेली जुनी चादर. म्हणून आधी एक रात्र तिथे ठेवून बघावं. रेबीजच्या लसीचा कागद सोबत द्यावा. खाणं नेहमीचंच ठेवावं, अचानक बदललं की पोट बिघडतं. आमच्या आयटीत सुट्टीवर जाताना केटी देतात, तशी इथेही द्यावी : कशाला घाबरतो, औषध कोणतं, डॉक्टर कोण, आणि आपला फोन लागला नाही तर निर्णय कुणी घ्यायचा.

आणि जिच्याकडे सोपवतो तिच्याकडेही तीच दृष्टी हवी. घरकाम करणाऱ्या ताईंना "जरा बघाल का?" असं विचारताना त्यांना नाही म्हणायची मोकळीक आहे ना? पाच रात्री घर सोडून राहण्याचे पैसे आधी ठरवलेत ना? एका जिवाची सोय करताना दुसऱ्याला गृहीत धरलं, तर श्लोक अर्धाच वाचला.

काशीला गेलं की कोतवालाचं, कालभैरवाचं दर्शन घ्यायचं असतं, आणि त्याचं वाहन कुत्रा. आपल्या खंडोबाजवळ कुत्रा, दत्तमहाराजांच्या पायाशी चार. युधिष्ठिराच्या मागून चालणारा तर साक्षात धर्मच निघाला. यात्रेची तयारी तिकिटांपासून सुरू होत नाही, मागे राहणाऱ्यापासून होते. ती नीट झाली तरच देवळात हात जोडताना मन तिथे असेल.

भगवंता, आमच्या भरवशावर असलेल्यांना आमचं जाणं त्याग वाटू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.