मरणाऱ्याचं देणं

शरद ऋतूत धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला निघणाऱ्या अमेरिकी शिकाऱ्यापुढे एक प्रश्न हमखास येतो. बाणाला टोक कोणतं लावायचं, स्थिर पात्यांचं की आदळल्यावर उघडणाऱ्या पात्यांचं? प्रश्न अवजाराचा वाटतो, पण मुळाशी जीव आहे. मारायचंच ठरवलं, तर मरणाऱ्याचं आपण काय देणं लागतो?

बाण फुप्फुसं कापून रक्तस्रावाने मारतो. उघडणारी पाती अनेकदा दोन इंच रुंद जखम करतात, मात्र उघडण्यात बाणाचा जोर खर्ची पडतो आणि तिरका मार बसला तर ती दगा देऊ शकतात. स्थिर टोकात हलणारा भागच नसतो.

मेरीलँडमधल्या इंडियन हेड नौदल तळावर वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. स्थिर पाती लागलेली सुमारे 82 टक्के हरणं हाती आली, उघडणारी लागलेली सुमारे 91 टक्के. उरलेल्यांतली काही जगली असतील, काही झुडपांत तडफडून मेली असतील. परिणामांवर नीती तोलणाऱ्याला निकाल इथेच मिळतो.

पण शिकाऱ्यासमोर सरासरी उभी नसते, एक हरीण उभं असतं. हलकं, म्हणजे बाणाला कमी जोर देणारं धनुष्य ओढणाऱ्याने 91 या आकड्यामागे लपणं ही फसवणूकच.

हे देणं नुसत्या टोकाने फिटत नाही, हे इशीकडे पाहून कळतं. 1911 साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला आलेला, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा इशी बाणाची टोकं स्वतः घडवायचा, काचेचीसुद्धा. डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. पण इशीची मोठी मदार दबकत, सावजाच्या अगदी जवळ जाण्यावर होती.